निर्यातीचं भांडण

बकुळाबाई भांडायच्या. हौसेने नाही, पोटासाठी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण एवढी साधी गोष्ट सरकारी रकान्यात बसवता बसवता आमच्या ऑफिसातल्या शहाण्यांच्या डोक्याचा असा भुगा झाला, की बाई नक्की करतात काय हेच सगळे विसरून गेले.

अंबरनाथ पश्चिमेला आम्ही आधी एका चाळीत राहायचो, मग चाळ पाडून बिल्डिंग झाली तेव्हा एकाच मजल्यावर शेजारी आलो. त्यांचे मिस्टर धोंडिबा काडेपेटीच्या कारखान्यात होते. माणूस सोन्यासारखा, पण लवकर गेला. मागे राजेंद्र, तोही शाळेत. बाईंना शिवणकाम यायचं नाही, आणि त्यांच्या भाकऱ्या खाऊन राजेंद्रचे दात तेवढे मजबूत झाले. येत होतं ते एकच. चाळीत ज्याला कुणाशी भांडायचं असे पण ऐनवेळी शब्द फुटत नसे, तो बकुळाबाईंना हाक मारायचा. रेशनवाल्याने साखर मारली, बोलवा बकुळाबाईंना. मास्तरांनी पोराला उगाच नापास केलं, बोलवा बकुळाबाईंना. बाई पदर खोचून निघायच्या आणि साखर घेऊन, पोराला पास करून परत यायच्या. लोक कुणी तांदूळ द्यायचे, कुणी राजेंद्रच्या वह्या आणायचे. शिवी मात्र त्यांनी कधी दिली नाही. शिवी आली म्हणजे समजायचं आपल्याजवळचा माल संपला, असं त्या म्हणायच्या.

दोन हजार सालानंतर बदलापुरात जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगा उठायला लागल्या, आणि उठता उठता मध्येच थांबायला लागल्या. आमच्या मजल्यावरचा शिवराम मस्कतला नोकरीला होता. त्याने बदलापुरात एक फ्लॅट बुक केला होता. बिल्डर त्याला दरवेळी फोनवर सांगायचा, दिवाळीला पझेशन. कुठल्या दिवाळीला ते सांगायचा नाही. शेवटी शिवरामने मस्कतहून बकुळाबाईंना फोन केला. बाई बदलापूरला एकदाच जाऊन आल्या. शिवरामला चावी मिळाली आणि बाईंच्या बँकेत मस्कतहून पैसे आले.

मग काय, बोभाटा झाला. मस्कत, दोहा, पार न्यू जर्सीपर्यंत. आपली माणसं परदेशात गेली की त्यांची भांडणं इथेच राहतात, सामानात मावत नाहीत. कुणाचा भाडेकरू निघत नाही, कुणाच्या भावाने सामाईक भिंत हलवली, कुणाच्या काकाने आंब्याचं झाड तोडलं. सगळ्यांना एकच नंबर.

पैसे आले की बँकेतली पोरगी विचारायची, "कशाबद्दल आले?" बाई खरं ते सांगायच्या, "भांडणाबद्दल." पोरीने यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली, आणि 'इतर सेवा' असं ठोकून दिलं.

इथे माझा संबंध येतो. मी गुरुदत्त, अंबरनाथ पूर्वेला फरसाणच्या दुकानावरच्या मजल्यावर एक एजन्सी होती, तिथे कामाला. दिवसभर तळणीचा वास, आणि काम काय तर देशाची आकडेवारी. आता देश परदेशाला जे विकतो त्याचे दोन भाग. एक माल. तो बंदरात दिसतो, मोजता येतो. दुसरी सेवा. ती दिसत नाही, खोक्यात बसत नाही, तिच्यावर कुणी शिक्का मारत नाही. इथल्या माणसाने तिथल्या माणसासाठी काहीतरी केलं आणि मोबदला घेतला, की झाली सेवेची निर्यात. ती माणसांना विचारत विचारतच गोळा करावी लागते. हे विचारत फिरणारं गाढव म्हणजे मी.

त्या वर्षी, दोन हजार सहा असेल, मुंबईच्या मोठ्या ऑफिसातून फर्मान आलं की तुमच्या भागात 'इतर' हा रकाना फार फुगलाय. त्यात नक्की काय भरलंय ते घरोघरी जाऊन बघा आणि ज्याचं त्याला योग्य रकान्यात टाका. आमचे साहेब यज्ञेश, पुण्याहून एमबीए करून आलेला कोवळा पोरगा, उन्हाळ्यातही टाय. त्याने माझ्या हातात नावांची यादी ठेवली. पहिलंच नाव, बकुळा धोंडिबा शेजवळ. माझ्या दारापासून दोन हातांवर.

मी हसतच त्यांच्याकडे गेलो. बाई हसल्या नाहीत. चहा ठेवला, आणि मी का आलोय ते ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "गुरुभाऊ, बरं झालं आलात. माझ्या कामाला एक बरं नाव काढून द्या. छापील."

"कशाला?"

"रविवारी पाहुणे येतायत, घर बघायला. राजेंद्रसाठी स्थळ आलंय बदलापूरचं. मनाली नाव पोरीचं, औषधांच्या कंपनीत लॅबला आहे. बाप ऑफिसर होता कुठल्याशा कारखान्यात. राजेंद्रने त्यांना सांगून ठेवलंय, आई एक्स्पोर्टमध्ये आहे म्हणून."

"म्हणजे खोटं कुठे सांगितलं?"

"ते विचारणार ना, कसलं एक्स्पोर्ट. म्हणून तो म्हणतोय, आई, तू रविवारी उल्हासनगरला मावशीकडे जा. आई आजारी माणसाला बघायला गेलीय असं सांगतो." बाईंनी चहा गाळला, गाळणी आपटून साफ केली. "कामाला चांगलं नाव निघालं तर मला घरात बसता येईल हो. नाहीतर पोराच्या सोयरिकीला आईच नाही."

माझं डोकं फिरलं. याच बाईने भांडून भांडून याला कॉमर्सला घातला, ठाण्याच्या विमा कंपनीत चिकटवला, आणि हा दिवटा आईला मावशीकडे पाठवतोय. मी तेव्हाच उठून त्याच्या कानाखाली वाजवणार होतो, पण तो कामावर गेला होता. बाई म्हणाल्या, "त्याला काही बोलू नका. तुम्ही फक्त नाव काढा."

मी ऑफिसात येऊन यज्ञेशला सांगितलं. मला वाटलं होतं हसेल. कसला हसतोय? डोळे चमकले त्याचे. त्याने दार लावून घेतलं, जाडजूड मॅन्युअल काढलं, आणि आम्ही दोघं बाईंना रकान्यांत बसवायला बसलो.

"कायदेविषयक सेवा," तो म्हणाला.

"सनद नाही बाईंकडे."

"बांधकाम सेवा?"

"बांधत काही नाहीत. बांधकामवाल्याला झाडतात."

"दळणवळण? फोनवर करतात ना?"

"सर, फोनवर तर तुमचे वडील पण तुम्हाला बोलतात."

त्याने पान उलटलं. मग विमा काढला. झालं होतं असं, की दोह्याचा एक गृहस्थ दर महिन्याला बाईंना ठरावीक पैसे पाठवायचा. भांडण काही नव्हतंच. त्याच्या भावाला एवढंच कळवून ठेवलेलं होतं, की बकुळाबाई आपल्या बाजूने आहेत. त्यावर भाऊ सुतासारखा सरळ. यज्ञेश म्हणाला, संकट येऊ नये म्हणून आधीच भरलेला हप्ता म्हणजे विमाच झाला. मी म्हटलं, मग घरावर घोड्याची नाल ठोकली तर तीही विमा सेवा. त्याने ते खरंच लिहून घेतलं.

मग वैयक्तिक, सांस्कृतिक आणि करमणूक सेवा. हे जवळजवळ बसलंच होतं, कारण बाई भांडायला उभ्या राहिल्या की ऐकायला गर्दी व्हायची हे खरं. पण रविवारी राजेंद्रने पाहुण्यांना सांगायचं काय? आमची आई करमणूक करते? मी तो रकाना हाणून पाडला.

त्यात दुसरा घोळ निघाला, ग्राहक कोण. आमच्या धंद्यात सगळं त्यावर अवलंबून. सेवा घेणारा परदेशात राहणारा असेल तरच निर्यात. उल्हासनगरच्या कॅम्पातली एक सिंधी सासू होती, तिची सून दुबईला. सासूने बाईंना बोलावून घेतलं आणि स्पीकरवर फोन लावला, सुनेला खडसवायला. यज्ञेश म्हणाला, "बोलणी तर थेट दुबईत पोचली, म्हणजे निर्यात." मी म्हटलं, "बोलणी पोचली हो, पण मागवली कुणी? उल्हासनगरने. सासू आणि बाई दोघी इथल्याच, हे घरगुती." पण गंमत पुढे आहे. सुनेने ते ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे फोनवर म्हणाली, "बाई, आता माझ्या बाजूने बोला, मी पण देते." बकुळाबाईंनी काय करावं? पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतला आणि सुनेच्या बाजूने सासूला फैलावर घेतलं. मग पदर परत डावीकडे. तासभर बाई एकट्याच दोन्हीकडून भांडल्या. सासूबाई शेवटी "बस कर बाबा, बस कर" म्हणत सोफ्यावर आडव्या झाल्या.

"वजा करायचं का एकमेकांतून?" यज्ञेशने घाम पुसत विचारलं.

"नाही. नियम आहे, वजाबाकी करायची नाही. दोन्ही बाजू पूर्ण लिहायच्या."

म्हणजे त्या एका भांडणातला अर्धा भाग देशाची निर्यात होता आणि अर्धा उल्हासनगरातल्या उल्हासनगरात. यज्ञेशने विचारलं, जिंकलं कोण? मी म्हटलं, निर्यात जिंकली. तो केवढा खूश झाला.

शेवटी त्याने ठरवलं की पुस्तकात बघून हे सुटायचं नाही, प्रत्यक्ष सेवा पुरवली जाताना पाहिली पाहिजे. बुधवारी बाईंना बदलापूरला काम होतं, न्यू जर्सीच्या एका गृहस्थाचं. त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंग दोन मजल्यांवर येऊन थांबलेली. आम्ही तिघं गेलो. यज्ञेशने टाय जरा घट्ट केला.

बिल्डरचं ऑफिस गार, आत काचेच्या पेटीत बिल्डिंगचं मॉडेल. थर्माकोलचे सात मजले, हिरवी झाडं, खिडक्यांतून पिवळे दिवे, गच्चीवर एवढीएवढीशी माणसं. बिल्डर आतल्या खोलीत होता आणि नव्हता असं त्याच्या माणसाने सांगितलं. बाईंनी पाणी मागितलं, प्यायल्या, पेला जागेवर ठेवला. मग मॉडेलजवळ जाऊन वाकून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बघायला लागल्या.

"इथे दिवा लागलाय," त्या आतल्या दाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "माझा माणूस तर अमेरिकेत आहे. मग दिवा कुणी लावला?"

बिल्डरचा माणूसपण वाकून बघायला लागला.

"गच्चीत बाई उभी आहे. केस वाळवतेय. ही कोण? आमच्या माणसाचं अजून घर नाही आणि हिचे केसपण वाळले. बाकी घर छान आहे हो. खरी बिल्डिंग राहू द्या, आम्हाला हीच द्या. ह्या तिसऱ्या मजल्याची चावी द्या, मी झाडून काढते. तो डिसेंबरात येतोय, इथेच उतरेल. जेवायला तुमच्याकडे येईल." आणि बाईंनी पिशवीतून खरोखरच केरसुणी काढली, पेटीची काच उचलली आणि थर्माकोलचा तिसरा मजला झाडायला घेतला. एक झाड पडलं. त्यांनी ते उचलून पेटीतल्याच शेजारच्या बिल्डिंगच्या अंगणात लावलं. "हे नगरपालिकेच्या जागेत होतं," म्हणाल्या.

आतून बिल्डर धावत बाहेर आला. "अरे बाई, क्या कर रही हो, दोन लाखाचं मॉडेल आहे."

"मॉडेलवर दोन लाख घातले म्हणजे पैसे आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "मग तिसरा मजला कधी?"

तास-दीड तास चाललं. मी मधे दोनदा चहा प्यायलो. शेवटी बिल्डरने तारीख दिली, कागदावर सही करून दिली आणि पडलेलं झाड परत जागेवर लावून मागितलं. यज्ञेश वही घेऊन त्याच्याकडे गेला. "सर, एक विचारायचं होतं, आत्ता जी सेवा पुरवली गेली, ती तुम्हाला मिळाली असं तुम्ही म्हणाल का?"

"मला सेवा मिळाली असं दिसतंय तुम्हाला?" बिल्डर म्हणाला.

येताना यज्ञेश रिक्षात एकदम म्हणाला, "गुरुदत्तजी, या बाई लोकांची लोकांशी असलेली नाती जागेवर आणतात. ग्राहकाचं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचवतात, त्याच्या हिताचं धोरण ठरवतात." त्याच रात्री त्याने मुंबईला पत्र धाडलं, आणि शनिवारी दुपारी उत्तर आलं. व्यवसाय सेवा. त्यातला उपरकाना, व्यवस्थापन सल्ला आणि जनसंपर्क. लाल शिक्का, खाली सही.

मी तो कागद घेऊन जवळजवळ पळतच घरी आलो. बाईंनी दोनदा वाचून घेतला. "जनसंपर्क," त्या म्हणाल्या. "म्हणजे लोकांना भेटणं ना? खोटं नाहीये ते." राजेंद्रने कागद हातात घेतला आणि त्याचा चेहरा जो खुलला, तो पाहून माझा राग थोडा उतरला. म्हणाला, "आई, मावशीकडे नको जाऊ. इथेच बस. फक्त जास्त बोलू नकोस, मी सांगतो सगळं. गुरुकाका, तुम्ही पण या, ऑफिसचा माणूस म्हणून." बाईंनी त्याच संध्याकाळी कपाटातली मोरपंखी साडी काढून उशीखाली घडी बसायला ठेवली. मला आनंद झाला. खरंच झाला.

रविवारी नरेंद्रराव आले, मनालीचे वडील. सोबत मनाली स्वतः. घर बघायला पोरगी कशाला येते असं मनात आलं, पण पोरगी चांगली धीट वाटली. बाबासाहेबांच्या फोटोला आणि बुद्धाच्या मूर्तीला हात जोडून झाले, जयभीम झाला, पोहे आले. बकुळाबाई भिंतीला टेकून खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, मोरपंखी साडीत, हात मांडीवर घट्ट धरून.

"आईंचं काय काम म्हणालात?" नरेंद्ररावांनी विचारलं.

"व्यवस्थापन सल्ला आणि जनसंपर्क," राजेंद्र म्हणाला. "परदेशी क्लायंट सगळे. हे गुरुकाका, सरकारी पाहणीतले. त्यांच्याकडे रेकॉर्ड आहे."

मी मान हलवली.

"वा. ऑफिस कुठे?"

"उल्हासनगरला," राजेंद्र म्हणाला. हे आमचं ठरलेलं नव्हतं. "तीन-चार माणसं आहेत हाताखाली."

पोरगं बोलत सुटलं. बाईंना कम्प्यूटर येतो झालं, दोह्याला जाऊन आल्या झालं. एकेक वाक्याला त्या खुर्चीच्या आणखी कडेला सरकत होत्या. नरेंद्रराव खूश. पोहे दुसऱ्यांदा घेतले. आणि मग सहज, चमचा फिरवत, म्हणाले, "तुमच्या या भागात म्हणे एक बाई आहे, पैसे घेऊन भांडते. आमच्या ओळखीतल्या एका बिल्डरच्या ऑफिसात केरसुणी घेऊन आली होती. काय एकेक नमुने असतात. अशांच्या वाऱ्याला उभं राहू नये."

मी राजेंद्रकडे पाहिलं. बाईंनीपण पाहिलं.

"आहे एक," राजेंद्र म्हणाला. "आम्ही नाही बोलत तिच्याशी."

बकुळाबाई उठल्या. मी म्हटलं, आता संपलं. आता हा मुलगा आणि ते पाहुणे, दोघांचीही धडगत नाही. मी बशी खाली ठेवली. बाई राजेंद्रसमोर जाऊन उभ्या राहिल्या, पदर खोचला, तोंड उघडलं. "राजेंद्र," म्हणाल्या. मग पुन्हा "राजेंद्र." पुढे काही आलंच नाही. ओठ हलत होते. ज्या बाईने दुबईची आणि उल्हासनगरची बाजू एका श्वासात मांडली, तिला एक वाक्य जुळेना. "मी तुझी," एवढं म्हणाल्या, आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पदराने पोह्यांच्या बश्या पुसायला लागल्या. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःसाठी भांडताना एकदाही पाहिलं नव्हतं.

मग मीच भांडलो. कुणी सांगितलं नव्हतं. आणि फार वाईट भांडलो. "ती बाई हीच," मी ओरडलो. "हीच ती नमुना. आणि अरे नालायका, हिच्या भांडणावर तू वाढलास, तुझी फी, तुझी नोकरी, तुझी ती इस्त्री केलेली पँट. आणि तुम्ही हो नरेंद्रराव, तुम्हाला तुमच्या बिल्डरचा पुळका आलाय, त्याची बिल्डिंग थर्माकोलची आहे." मधेच मी रकाने सांगायला लागलो, अनिवासी ग्राहक, उपरकाना, लाल शिक्का. माझा हात लागून पाण्याचा तांब्या नरेंद्ररावांच्या मांडीवर उपडा झाला. ते उठले, "कळवतो," म्हणाले, आणि पोरीला घेऊन गेले. राजेंद्र खाली मान घालून बसून राहिला.

बाईंनी जमीन पुसली. मग हळूच मला म्हणाल्या, "गुरुभाऊ, सुरुवात बरी होती. पण पँटीवर जायला नको होतं. आणि 'नालायक' म्हणालात, तिथे माल संपला तुमचा." मी कपाळावर हात मारला आणि घरी जाऊन पडलो.

सोमवारी राजेंद्र कामावर गेला नाही. दार अर्धवट उघडं, आत तो खुर्चीत, आई स्वयंपाकघरात. ऑफिसात यज्ञेशने मोठ्या आशेने विचारलं, जनसंपर्क कसा झाला म्हणून. मी त्याला फरसाण आणायला खाली पाठवलं.

संध्याकाळी परतलो तर बाई जिन्यातच भेटल्या. साधी साडी, पायात चपला, काखेत पिशवी. मागे राजेंद्र उंबऱ्यात उभा.

"काम आलंय," त्या म्हणाल्या. "बदलापूरचं."

"परत त्या बिल्डरकडे?"

"नाही. ती पोरगी, मनाली. दुपारी फोन केला होता. बाप म्हणतोय हे घर नको. तिला राजेंद्रच हवाय, आणि म्हणाली, अशी सासू असेल तर नक्कीच हवाय. बापासमोर तोंड उघडत नाही तिचं. मला म्हणाली, माझ्या बाजूने भांडाल का?"

काल बश्या पुसणारी बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. "बाई, जमेल तुम्हाला? त्याच माणसासमोर?"

"काल माझं होतं," त्या म्हणाल्या. "हे तिचं आहे."

त्यांनी पदर खोचला. तेवढ्यात राजेंद्र चपला घालत पुढे आला. डोळे सुजलेले होते. "आई, मी येऊ?"

बाईंनी त्याच्याकडे बघून घेतलं. रागावल्या आहेत की नाहीत ते मला काही कळेना. "ये," म्हणाल्या. "पण मी एक अक्षर बोलायच्या आधी, मी कोण आहे ते त्यांना तू सांगायचं."

"माझी आई आहे म्हणून सांगेन."

"आणि?"

राजेंद्रने दुसरी चप्पल पायात सरकवली. "आणि भांडते म्हणून."

बाईंनी पिशवी त्याच्या हातात दिली आणि दोघं जिना उतरले.